पुस्तकाचा ताळा

तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता 'मला भावलेले चरित्र'. नववीतली एक मुलगी डॉ. आनंदीबाई जोशींवर बोलली, आणि फार छान बोलली. पाठ केल्यासारखे नव्हे, समजून. गोपाळराव आणि आनंदी यांच्यातला रात्रीचा एक संवाद तिने असा उभा केला, की सभागृह स्तब्ध झाले.

परीक्षकांनी एक-एक प्रश्न विचारायचा होता. मी विचारले, "हे बोलणे झाले तेव्हा खोलीत दोघेच होते. मग ते लिहून कोणी ठेवले?"

मुलगी गोंधळली. म्हणाली, "पुस्तकात आहे, मॅडम."

"कोणत्या पुस्तकात?"

"'आनंदी गोपाळ'मध्ये."

"ती कादंबरी आहे, हे माहीत आहे ना?"

ती काही बोलली नाही. मान खाली घालून जागेवर जाऊन बसली. नंतर चहाच्या वेळी तिच्या बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "चूक तिची नाही. आमच्या ग्रंथालयात ते पुस्तक चरित्रांच्या कपाटात आहे. मीच तिला काढून दिले."

माझा प्रश्न बरोबर होता. पण जागा आणि सूर दोन्ही चुकले होते. शिवाय तो प्रश्न असा ताठ्याने विचारण्याचा मला फारसा अधिकारही नव्हता. हीच चूक मी एकविसाव्या वर्षी केली होती, आणि तिची किंमत त्या मुलीपेक्षा बरीच जास्त मोजली होती. ती हकिकत पुढे येईलच. आधी त्या बाईंनी जाताना जे विचारले, ते सांगते. त्यांनी विचारले, "मग मुलांना कोणती पुस्तके द्यायची, याची एक यादी कराल का?"

यादी करायला बसले आणि लक्षात आले, की नुसत्या यादीने काम भागणार नाही. गणित सुटले की आपण मुलांना ताळा करून पाहायला सांगतो. प्रयोग केला की तुलनेसाठी दुसरा संच ठेवायला सांगतो. एखाद्या माणसाच्या आयुष्यावरचे पुस्तक हातात देताना मात्र आपण म्हणतो, "वाच, चांगले आहे." ताळा कशाने करायचा, हे सांगत नाही. म्हणून मी यादी केली ती जोड्यांची. आयुष्य एक, पुस्तके दोन. त्यातल्या चार जोड्यांविषयी इथे लिहिते.

आनंदीबाई : कादंबरी आणि चरित्र

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' १९६८ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर नाटक आले, २०१९ मध्ये चित्रपटही आला. आज महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या मनातल्या आनंदीबाई या त्या कादंबरीतल्या आहेत. कादंबरी म्हणून ती बळकट आहे. हट्टी, विक्षिप्त, बायकोला शिकवण्याच्या ध्यासाने झपाटलेला आणि त्याच ध्यासापायी तिच्याशी निर्दयपणे वागणारा नवरा तिच्यात जिवंत झाला आहे. नऊ वर्षांच्या मुलीला शिक्षण आधी शिक्षेसारखे वाटते आणि पुढे तेच तिचे स्वतःचे होते. हा बदल कादंबरीकाराने फार समजुतीने रंगवला आहे. हे काम कादंबरीच करू शकते. मनात काय चालले होते, याचे दप्तर कोणी ठेवत नाही. ते लेखकाला कल्पनेनेच भरून काढावे लागते.

पण शीर्षकच पाहा. त्यात दोन नावे आहेत. कादंबरीचा जीव नवरा-बायकोच्या नात्यात आहे. आनंदीबाई वैद्यकीय विद्यार्थिनी म्हणून काय शिकल्या, या प्रश्नाला तिच्यात दुय्यम जागा आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला तर नेमके तेच हवे असते.

म्हणून जोडीला चरित्र द्यावे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र १९१२ साली प्रसिद्ध झाले. काशीबाई आनंदीबाईंच्या समकालीन, आणि स्वतः लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या. या चरित्राचे मोठे बळ म्हणजे त्यातली पत्रे. अंजली कीर्तने यांचे 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हे १९९७ चे पुस्तक अधिक सविस्तर आहे, आणि आज मुलांना वाचायला भाषेच्या दृष्टीने सोपेही आहे.

चरित्रातून जी हाडे हाती लागतात ती अशी. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल, आणि ते अवघ्या काही दिवसांत गेले. १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला प्रयाण. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी. प्रबंधाचा विषय हिंदू लोकांमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक, पण तिथे रुजू होण्याइतके आयुष्य उरले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आता ताळा करून पाहा. गोपाळरावांच्या हातचा मार ही कादंबरीकाराने रचलेली गोष्ट आहे का? नाही. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी सोसलेल्या माराची आठवण स्वतःच लिहिली आहे. म्हणजे इथे कादंबरी आणि कागद जुळतात. रात्रीचा तो संवाद मात्र जुळत नाही. तो लेखकाचा आहे. दोन्ही गोष्टी मुलांना कळायला हव्यात. कादंबरी म्हणजे खोटे, असे त्यांच्या मनात बसले तर तेही नुकसानच आहे.

विज्ञानाच्या तासाला इथून आणखी एक वाट फुटते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणू शोधल्याचे जाहीर केले ते १८८२ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूच्या अवघी पाच वर्षे आधी. कारण सापडले होते, औषध नव्हते. क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, १९४० च्या दशकात आले. 'आज त्या आजारी पडल्या असत्या तर?' हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारून पाहावा. तास संपून जाईल, चर्चा संपणार नाही.

कार्व्हर : दंतकथा आणि माणूस

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ चे. शाळेच्या बक्षीस समारंभात सर्वांत जास्त वाटल्या गेलेल्या मराठी पुस्तकांत ते नक्कीच असेल. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा एका बैठकीत संपवलेले पुस्तक ते हेच. गुलामगिरीत जन्मलेला पोरका मुलगा, शिक्षणासाठी गावोगाव वणवण, आणि शेवटी आपली विद्या गरीब शेतकऱ्यांच्या पायाशी नेऊन ठेवणारा कृषिशास्त्रज्ञ. गवाणकरांची भाषा साधी आहे आणि कार्व्हरवरचे त्यांचे प्रेम पानापानांत आहे. हे पुस्तक मुलांना देऊ नये, असे मी कधीही म्हणणार नाही.

पण ते वाचलेल्या मुलांना विचारा, कार्व्हरने काय केले? उत्तर येते, "शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ शोधले." काही जण पीनट बटरही त्याच्या नावावर जमा करतात. इथे ताळा हवा.

योगायोग असा, की त्याच १९८१ साली अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहासकार बाईंनी लिहिलेले कार्व्हरचे चरित्र निघाले. शास्त्रज्ञ कार्व्हर आणि प्रतीक झालेला कार्व्हर यांना वेगळे करून पाहणे, हाच त्या पुस्तकाचा विषय. त्यातून आणि इतर नोंदींतून चित्र दिसते ते असे. भुईमुगाच्या लगद्याचे पेटंट १८८४ सालीच कॅनडातल्या मार्सेलस एडसन याने घेतले होते. कार्व्हरच्या स्वतःच्या नावावर फक्त तीन पेटंट आहेत. एक सौंदर्यप्रसाधनाचे आणि दोन रंगांची, १९२५ ते १९२७ या काळातली. त्याच्या भुईमुगाच्या पदार्थांपैकी बाजारात टिकले असे फारसे काही नाही. १९१६ साली त्याने काढलेल्या पुस्तिकेत शेंगदाण्याच्या १०५ पाककृती होत्या. त्यातल्या बऱ्याच इतरांकडून गोळा केलेल्या होत्या, आणि तसे त्याने मोकळेपणाने नोंदवलेही होते.

मग कार्व्हर लहान झाला का? माझ्या मते उलट झाले. शेंगदाण्याचा जादूगार बाजूला झाला, की खरा माणूस दिसू लागतो. वर्षानुवर्षे कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनीत शेंगवर्गीय पिके आलटूनपालटून घ्या, हे तो निरक्षर शेतकऱ्यांना सांगत होता. त्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, हे शास्त्र त्याच्या आधी माहीत झालेले होते. ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची सोय नव्हती, ती त्याने उभी केली. १९०६ साली घोडागाडीवर अवजारे, बियाणे, नमुने लादून टस्कीगीहून गावोगाव जाणारी फिरती शाळा सुरू झाली, ती त्याच्याच कल्पनेतून. १८९६ साली टस्कीगीला आलेला हा माणूस १९४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

सांगायचा मुद्दा असा, की दंतकथा वाचून मुलांना वाटते, शास्त्रज्ञ म्हणजे तीनशे वस्तू शोधणारा अद्भुत माणूस. तसे आपल्याला होता येणार नाही, हेही त्यांना मनातून कळते. दुसरे पुस्तक सांगते, की माहीत असलेले ज्ञान गरजूपर्यंत पोहोचवणे हेही विज्ञानाचे काम आहे. हे काम तर शिक्षक रोज करतात.

'रोझी' आणि रोझलिंड

आता माझी हकिकत. एम. एस्सी. ला असताना जेम्स वॉटसन यांचे 'द डबल हेलिक्स' हाती आले. डीएनएची रचना कशी सापडली, याची शोधकर्त्यानेच सांगितलेली ही गोष्ट १९६८ साली प्रसिद्ध झाली. रात्रभर जागून वाचले. संशोधन इतके मजेचे, चढाओढीचे, चहाटळ असू शकते, हे मला त्या पुस्तकाने पहिल्यांदा सांगितले. आजही मी म्हणेन, की विज्ञानातली चूक इतक्या प्रांजळपणे सांगणारी पुस्तके थोडी आहेत. १९५१ च्या नोव्हेंबरात वॉटसन एका व्याख्यानाला जातात, टिपणे घेत नाहीत, पाण्याचे प्रमाण चुकीचे लक्षात ठेवतात, आणि त्यावर आधारलेली तीन पदरी प्रतिकृती सपशेल फसते. हा प्रसंग तर प्रयोगवहीचे महत्त्व सांगताना प्रत्येक शिक्षकाने वापरावा असा आहे.

ते व्याख्यान रोझलिंड फ्रँकलिन यांचे होते. पुस्तकात त्या 'रोझी' म्हणून येतात. तिरसट, कपड्यांकडे लक्ष नसलेली, स्वतःची मोजमापे कुणाला न देणारी, दुसऱ्याचे न ऐकणारी बाई. मी ते सगळे खरे मानले. वाईट याचे, की त्यावरून मी माझ्यासाठी धडा काढला. संशोधनाला लागले तेव्हा मनाशी ठरवले, आपण 'रोझी' व्हायचे नाही. वाद घालायचा नाही. मागितले की द्यायचे. प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून जमवलेली दीड वर्षाची मोजमापे मी एका वरिष्ठ सहकाऱ्याला विचारल्याबरोबर देऊन टाकली. निबंध छापून आला तेव्हा माझे नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत होते. मी भांडले नाही. भांडले असते तर 'रोझी' ठरले असते.

त्यानंतर दोन वर्षांनी फ्रँकलिन यांच्या मैत्रीण अ‍ॅन सेअर यांनी १९७५ साली लिहिलेले चरित्र वाचले, आणि मग ब्रेंडा मॅडॉक्स यांचे २००२ चे. ताळा जुळेना. फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने मे १९५२ मध्ये घेतलेले क्ष-किरण छायाचित्र, ज्याला पुढे 'छायाचित्र ५१' म्हणू लागले, ते जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स यांनी वॉटसनना दाखवले. फ्रँकलिन यांना न विचारता. त्यांची मोजमापे असलेला अहवालही केंब्रिजला पोहोचला होता. १९५१ ची ती तीन पदरी प्रतिकृती पाहून फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असले पाहिजेत हे सांगणाऱ्या त्याच होत्या, आणि त्या बरोबर होत्या. मार्च १९५३ मधल्या त्यांच्या लेखाच्या कच्च्या मसुद्यात त्याही दुहेरी सर्पिलापर्यंत आलेल्या दिसतात. १९५८ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्या कर्करोगाने गेल्या. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळाले १९६२ साली. पुस्तक निघाले तेव्हा उत्तर द्यायला त्या नव्हत्या. वॉटसन यांनीही अखेरीस एक छोटे टिपण जोडून आपले सुरुवातीचे मत चुकीचे होते असे कबूल केले आहे. पण दोनशे पानांच्या रंगतदार चित्रानंतर दीड पानाची कबुली कोणाच्या लक्षात राहते?

एक सावधगिरी मात्र हवी. सेअर यांचे पुस्तक मैत्रिणीने रागाने लिहिलेले आहे, आणि तो राग कधीकधी फ्रँकलिन यांना केवळ अन्यायग्रस्त करून सोडतो. २०२३ साली 'नेचर'मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या दोन अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांवरून दाखवले, की त्या बळी नव्हत्या. या शोधातल्या त्या बरोबरीच्या भागीदार होत्या. म्हणजे ताळ्याचाही ताळा करावा लागतो. विज्ञानात आपण वेगळे काय करतो?

'अ‍ॅरोस्मिथ' : कादंबरीच जेव्हा अधिक शिकवते

वरच्या तीन जोड्यांवरून कोणाला वाटेल, की कादंबरी म्हणजे मनोरंजन आणि चरित्र म्हणजे सत्य. तसे नाही. वैज्ञानिक पद्धतीचा सगळ्यांत अवघड धडा मला एका कादंबरीने दिला. सिंक्लेअर लुईस यांची 'अ‍ॅरोस्मिथ' १९२५ ची. तिच्यासाठी लुईस यांना पॉल द क्रुइफ या जीवाणुशास्त्रज्ञाने मदत केली होती, त्यामुळे तिच्यातली प्रयोगशाळा खरी वाटते.

कथेचा गाभा असा. मार्टिन अ‍ॅरोस्मिथ या तरुण शास्त्रज्ञाला जीवाणूंना मारणारा एक घटक, म्हणजे फाज, सापडतो. कॅरिबियनमधल्या एका काल्पनिक बेटावर प्लेग येतो. गुरूंची आज्ञा स्पष्ट आहे : निम्म्या लोकांना फाज द्यायचा, निम्म्यांना नाही, तरच तो उपयोगी आहे की नाही हे कळेल. बेटावर त्याची पत्नी लिओरा प्लेगने मरते. दुःखाने खचलेला मार्टिन तुलनेचा गट मोडतो आणि सगळ्यांनाच फाज टोचतो. साथ ओसरते. परतल्यावर त्याचा जयजयकार होतो. फाजमुळे साथ ओसरली की आपोआप, हे मात्र आता कोणालाच कधी कळणार नाही, आणि हे फक्त त्याला ठाऊक असते. जाब विचारू शकले असते ते गुरू तोवर स्मृती हरवून बसलेले असतात.

मार्टिन चुकला का? अकरावीच्या मुलांना हा प्रश्न द्यावा. २०२० साली करोनाच्या लशींच्या चाचण्या चालू असताना, निम्म्या स्वयंसेवकांना लस न देता नुसतेच इंजेक्शन का देतात, हे मला घरोघरी समजावावे लागले होते. 'अ‍ॅरोस्मिथ' वाचलेल्याला ते एका वाक्यात समजते.

कादंबरीत दोषही आहेत. लिओरा जणू नवऱ्याला साथ देऊन मरण्यासाठीच आहे. शेवटी नायक घरदार सोडून रानातल्या प्रयोगशाळेत निघून जातो. खरे विज्ञान एकांतातच होते, हा भाबडेपणा त्यात आहे. तिचा ताळा आपल्याच इतिहासात सापडतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचून, न टोचलेल्यांशी तुलना केली. मार्टिनला जे जमले नाही ते इथे झाले होते. कैद्याची 'स्वेच्छा' कितपत खरी, हा प्रश्न विद्यार्थी काढतीलच. काढू द्यावा.

वर्गात काय करावे

पुस्तक देताना प्रथम ते कोणत्या जातीचे आहे हे मुलांनाच शोधायला सांगावे. मुखपृष्ठ, आतले पान, प्रस्तावना पाहून कादंबरी, चरित्र, आत्मकथन की चरित्रात्मक कादंबरी हे ठरवायचे. मग वाचताना तीन प्रश्न वहीत लिहायचे. हे लेखकाला कसे कळले? लेखकाचे या माणसाशी नाते काय? या गोष्टीत कोणाला बोलायला मिळाले नाही?

दोन पुस्तके प्रत्येक शाळेला परवडत नाहीत, याची मला जाणीव आहे. ताळ्याला पुस्तकच लागते असे नाही. मराठी विश्वकोशातली नोंद, एखादे पत्र, वर्तमानपत्रातला जुना लेख, आणि निदान सनावळीचा एक कागदही पुरतो. आणि ग्रंथालयातली कपाटे एकदा मुलांकडूनच लावून घ्यावीत. 'आनंदी गोपाळ' कुठे ठेवायची यावर त्यांचे भांडण झाले, तर निम्मे काम झाले असे समजावे.

त्या बाईंना मी ही यादी पाठवली, आणि सोबत त्या मुलीसाठी चार ओळींचे पत्र. माझी चूक कबूल केली आणि काशीबाईंच्या चरित्राविषयी लिहिले. तिचे उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता : "मग गोपाळराव खरे कसे होते?" मी तिला लिहिले, की हे मला नक्की सांगता येणार नाही, दोन्ही पुस्तके वाच, आणि तुला काय वाटते ते कारणांसह मला कळव. सध्या ती अकरावीत आहे. दर दोन-तीन महिन्यांनी पत्र येते. आमचे अजून एकमत झालेले नाही.

आपल्या शाळेत अशा काही जोड्या लावून पाहिल्या, तर अनुभव जरूर कळवावा. विशेषतः ज्या जोडीचा ताळा जुळला नाही, तिच्याविषयी.